आधी कपाट बांधा

मुदखेडात 'नर्सरी' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर रोपांचे वाफेच येतात. आमचं गाव फुलांचं. इथला गुलाब, मोगरा, काकडा नांदेडला जातो, हैदराबादला जातो. त्यामुळे माझ्या लेकीने पहिल्या बाळंतपणाआधी फोनवर, "अब्बा, बाळाच्या नर्सरीसाठी थोडं सामान मागवूया का?" असं विचारलं, तेव्हा मी खरंच विचारलं, "कुठली रोपं आणायची?" ती पोट धरून हसली. मग तिने समजावलं. नर्सरी म्हणजे बाळाची खोली. त्यात कठड्याचा छोटा पलंग, कपडे-दुपट्यांसाठी खणांचं कपाट आणि भिंतीशी एक मांडणी. सगळं मोबाइलवर मिळतं, खोक्यांतून सुटं येतं आणि घरी जोडायचं असतं. तिन्ही मिळून तेरा हजारांच्या आत.

मी हो म्हणालो. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याचा मान नानाचा. तीन चपटी खोकी आली, जोडायला एक पोरगा आला आणि दोन तासांत पूर्वेच्या खोलीत पांढरंशुभ्र फर्निचर उभं राहिलं. छटीला आलेल्या बायकांनी फोटो काढले. चिल्ला झाला, लेक सासरी लातूरला गेली. तिथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत जागा नव्हती म्हणून सामान आमच्याकडेच राहिलं.

नातू सव्वा वर्षाचा असताना ईदला आला. सकाळची गडबड, शीरखुर्म्याची पातेली, पाहुणे. पोरगं त्या खोलीत एकटं दोन मिनिटं होतं, जास्त नाही. त्याने खालचा खण ओढला, त्यावर पाय ठेवला, वरचा खण धरला, तोही बाहेर आला. आम्ही आवाज ऐकून धावलो तेव्हा कपाट पुढे कोसळलेलं होतं. समोर अब्बांच्या वेळचा दिवाण होता. कपाटाची वरची कड त्या दिवाणावर अडकली आणि खाली जी तिरपी पोकळी राहिली तिच्यात आमचं लेकरू होतं. ओठ फुटला होता, बाकी काही नाही. दिवाण एक हात पलीकडे सरकवलेला असता तर हा लेख मी लिहिला नसता. कुठलाच लेख लिहिला नसता.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्ष चुकीचे आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि ते पटवून देण्यासाठीच हे लिहितो आहे. कारण हे भांडण फक्त आमच्या घरातलं नाही.

पहिला पक्ष बुजुर्गांचा. त्यांचं म्हणणं सोपं: भुशाचं फर्निचर ते भुशाचंच. स्वस्तात घेतलं, भोगा. सागवानी घ्यायला हवं होतं. दुसरा पक्ष माझ्या भाच्याचा. तो हैदराबादला कंपनीत आहे. तो म्हणतो, "मामू, सारी दुनिया यही वापरती. तुमच्या नशिबात खराब पीस आला, बस." आणि या दोन्ही पक्षांच्या वर एक तिसरा आवाज असतो, जो वाद मिटवून टाकतो: नजर लागली होती, अल्लाहने वाचवलं, सदका द्या आणि विसरा.

सदका दिला. विसरलो मात्र नाही.

मी सुताराचा मुलगा आहे. अब्बा मिस्त्री होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. रंधा हातात धरला नाही, पण लाकडाविषयी ऐकत वाढलो. म्हणून आधी बुजुर्गांना उत्तर देतो.

'भुसा' हा शब्द आपण सगळ्यालाच लावतो. तो बरोबर नाही. लाकडाच्या बारीक कपच्या डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून जी फळी होते ती पार्टिकल बोर्ड. आपल्याकडे ती उसाच्या चिपाडापासूनही बनते. लाकडाचे तंतू अगदी बारीक करून दाबले की एमडीएफ. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले की प्लायवूड. मजबुतीत प्लायवूड वरचढ, विशेषतः स्क्रू धरून ठेवण्यात. पार्टिकल बोर्ड खालच्या पायरीवर. पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पार्टिकल बोर्ड सागवानापेक्षा हलका नसतो. सारख्याच आकाराचे दोन तुकडे तोलले तर बोर्ड सागवानाच्या बरोबरीचा, कधी थोडा जडच भरतो. स्वस्तातलं कपाट हलकं असतं कारण त्यात फळ्या पातळ असतात आणि पाठीला तीन मिलिमीटरचा पुठ्ठ्यासारखा पत्रा ठोकलेला असतो.

आणि आमचं कपाट मोडलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. फळी तुटली नाही, स्क्रू निघाला नाही, खण फुटला नाही. ते अख्खंच्या अख्खं पुढे कलंडलं. मजबुती वेगळी आणि तोल वेगळा. खण बाहेर ओढले की कपाटाचं वजन पुढे येतं. त्यात पुढच्या कडेला दहा किलोचं लेकरू लोंबकळलं की ते वजन तराजूच्या लांब दांडीवर टांगल्यासारखं होतं. तिथे लाकूड कुठलं याला फार अर्थ उरत नाही.

बुजुर्गांना हे पटेना. म्हणून एका जुम्याला नमाजनंतर मी आणि भाच्याने अंगणात प्रयोग केला. तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा आणला. पांढऱ्या कपाटाचे सगळे खण बाहेर ओढले आणि कट्टा दोरीने वरच्या खणाच्या पुढच्या कडेला टांगू लागलो. पूर्ण भार पडायच्या आतच ते आडवं झालं. मोठे भाऊ म्हणाले, "देखा?" मग मी घरातून अब्बांनी अम्मीसाठी केलेलं तीन खणांचं सागवानी कपाट बाहेर काढायला लावलं. चौघांनी उचललं. सगळे खण ओढले, तोच कट्टा तिथेच टांगला. ते सावकाश झुकलं, पण झुकलं, आणि आम्ही धरलं नसतं तर पडलं असतं. अंगणात कुणी बोललं नाही. चाळीस वर्षं आम्ही सगळी भावंडं त्या कपाटाखाली वाढलो होतो.

आता भाच्याला उत्तर. सारी दुनिया हेच वापरते, खरं आहे. पण दुनियेने त्याची किंमत काय मोजली हेही सांगायला हवं.

सुटं, घरी जोडायचं फर्निचर जगभर पोहोचवणाऱ्यांत स्वीडनची आयकिया सगळ्यांत मोठं नाव. भारतातलं तिचं पहिलं दुकान हैदराबादच्या हायटेक सिटीत ९ ऑगस्ट २०१८ रोजी उघडलं, दुसरं २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला. आमच्याकडची पोरं मुदखेडहून गाडीत बसून हैदराबादचं दुकान बघायला गेली होती. पण त्या उद्घाटनाच्या दोन वर्षं आधी, जून २०१६ मध्ये, याच कंपनीला अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली होती. कारण ती भिंतीला न बांधता उभी केली की पुढे कलंडत होती आणि त्यांच्याखाली लहान मुलं दगावली होती. त्याच वर्षी तीन मुलांच्या कुटुंबांना मिळून ५ कोटी डॉलर देण्याचं कंपनीने कबूल केलं. २०१७ साली कॅलिफोर्नियात दोन वर्षांचा एक मुलगा गेला, तोही परत बोलावलेल्या कपाटांपैकीच एका कपाटाखाली. जानेवारी २०२० मध्ये त्याच्या आईवडिलांशी ४ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली.

पोरं गमावलेल्या आईवडिलांनी तिथे एकत्र येऊन कायदा मागितला. डिसेंबर २०२२ मध्ये तो झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खणांच्या कपाटांना तोलाची परीक्षा सक्तीची झाली. त्या परीक्षेत साठ पौंड, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोच्या मुलाचा भार धरतात, खण उघडे ठेवतात, त्यांत कपड्यांइतकं वजन भरतात, खाली सतरंजी-गालिचा असल्याचं धरतात. आमच्या अंगणातला तांदळाचा कट्टा त्या परीक्षेपेक्षा दोन किलोने हलकाच होता.

तेव्हा बेटा, 'दुनिया वापरते' हे अर्धं वाक्य आहे. दुनिया वापरते आणि भिंतीला बांधून वापरते. जिथे बांधलं नाही तिथे मुलं गेली. आपण खोकं तेवढं आणलं, बांधायची अक्कल बंदरावरच राहिली.

माझीच चूक सांगतो. त्या पडलेल्या कपाटाची खोकी मी माळ्यावर ठेवली होती. ईदनंतर ती उघडून बघितली. एका खोक्याच्या तळाशी, थर्माकोलच्या तुकड्यांत, एक छोटी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात एक पट्टा, दोन स्क्रू आणि नखाएवढ्या इंग्रजीत छापलेली चिठ्ठी. भिंतीला बांधण्याचा पट्टा. जोडणाऱ्या पोराने तो लावला नव्हता. मला आठवलं, तो जाताना म्हणाला होता, "चाचा, दीवार में होल का अलग से लगता." मी म्हणालो होतो, राहू दे, नवीन रंग दिलाय भिंतीला. रंग वाचला.

दोष कंपनीचा, पोराचा की माझा? तिघांचा. पण तिघांत जाणणारी एकच होती, ती कंपनी. ज्या पट्ट्यावाचून लेकरू मरू शकतं तो पट्टा लावणं हे 'वेगळ्या पैशांचं' काम कसं? सूचना मराठीत का नाही, उर्दूत का नाही? जाहिरातीत बाळाचा हसरा फोटो मोठा आणि इशारा मुंगीएवढा, हे कोणतं तोलमाप? माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरह आहे. सांगायची गोष्ट दडवून विकणं हेही उणं मापच आहे. आणि हे मी मोबाइलवरच्या कंपन्यांनाच म्हणत नाही. प्लायवूड सांगून बोर्ड विकणारे आपल्या गल्लीतले भाईजानही त्यात आले, मग त्यांच्या दुकानाच्या पाटीवर बिस्मिल्लाह लिहिलेलं असो की शुभ-लाभ.

आता आपल्या घरांविषयी, कारण हे सामान आपल्या घरांचा विचार करून बनलेलं नाही. जिथे फरशीवर गालिचा असतो आणि ती झाडून नाही तर यंत्राने साफ होते, अशा कोरड्या घरांत ते जन्मलं. आपण रोज फरशी पुसतो आणि सणाला बादलीने धुतो. पार्टिकल बोर्डाची खालची कड पाणी पिते. एकदा फुगली की परत बसत नाही. कपाट एका कोपऱ्यावर उचललं जातं आणि तोल आणखी बिघडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, मग बाळाच्या खोलीत दिवसरात्र कूलर. कूलरची ओल सगळ्यात आधी कोण घेतं? तोच बोर्ड. त्याच्या चिकटवणीत बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं. नव्या फर्निचरचा जो झोंबणारा वास येतो त्यात त्याचाही वाटा असतो. उष्मा आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. याचा अर्थ कपाट आणलं की आजार आला असा नाही. पण दोन दिवसांच्या बाळाला बंद खोलीत नव्याकोऱ्या बोर्डाशेजारी झोपवणं शहाणपणाचं नाही. महिनाभर आधी आणा, खण उघडे ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा.

आणि भिंती. आमचं घर निम्मं माळवदाचं, निम्मं स्लॅबचं. माळवदाच्या भिंतीत दगड-माती आहे. तिच्यात स्क्रू हाताने ओढला तरी येतो. तिथे अब्बा कपाट लाकडी खांबाला बांधायचे. आम्हाला वाटायचं, जागा वाचवायला कोपऱ्यात ठेवतात. अम्मीचं ते खणांचं कपाटही आधी खांबाला बांधलेलं होतं. घराचा नवा भाग झाला, कपाट तिकडे हललं आणि ती तार आम्ही काढून टाकली. सागवान तेच राहिलं, अक्कल काढून टाकली.

मग स्वस्त सुटं फर्निचर बाळाच्या खोलीत घ्यावं की नाही? गोल उत्तर देणार नाही. बुटकं घ्या, मांडीच्या उंचीच्या वर नको. भिंतीला बांधा. तळाला प्लास्टिकचे पाय लावा म्हणजे पाणी लागणार नाही. रजया, गोधड्या खालच्या खणात, हलकं वरच्या खणात, आणि कपाटावर टीव्ही नको, खेळणं नको, कारण खेळणं दिसलं की पोरगं चढणारच. एवढं केलं तर चार-पाच वर्षं ते चांगलं चालतं. गरीब माणसाने ते घेतलं म्हणून त्याला कुणी हिणवू नये. किनवटचं जंगल आपल्याच जिल्ह्यात आहे, सागवानासाठी नावाजलेलं आहे, पण सागवानी कपाटाचा भाव ऐकून मास्तरालाही घाम फुटतो, मग बागवान आणि रिक्षावाल्याने काय करायचं?

पण एकच सामान दर दोन वर्षांनी सोडून, बिऱ्हाड हलवून, परत जोडणार असाल तर पार्टिकल बोर्ड घेऊ नका. त्यात स्क्रू एकदा धरतो. दुसऱ्यांदा त्याच भोकात सैल बसतो, तिसऱ्यांदा नुसता फिरतो. बदलीच्या नोकरीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि बाळाचा पलंग मात्र स्वस्तातल्या बोर्डाचा घेऊच नका. कपाटाला भिंत सांभाळते, पलंगाला कुणी सांभाळत नाही. पोर उभं राहायला लागलं की कठडा धरून तासभर हलवतं, रोज हलवतं. तिथे लाकूड किंवा लोखंडच हवं.

इथे आमच्या सुतार मिस्त्रींनाही दोन शब्द. अब्बांचा धंदा आहे, म्हणून हक्काने बोलतो. मोबाइलवाल्यांनी आमचं पोट मारलं ही तुमची तक्रार खरी आहे. पण लेकीच्या वेळी मी आधी मिस्त्रीकडेच गेलो होतो. त्याने पंधरा दिवस सांगितले आणि दोन महिने फिरवलं. बाळ काही तारीख पुढे ढकलत नाही. दुसरं, माप. कठड्याच्या पट्ट्यांमध्ये किती फट ठेवायची हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली, एकाने तर हात पसरून पंजाच दाखवला. अमेरिकेत ही फट सव्वादोन इंचांच्या थोडी वर, म्हणजे सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कारण त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर बाप्याची तीन बोटं जावीत, चार जाऊ नयेत. एक बाजू खाली सरकणारे कठड्याचे पलंग तिथे २०११ पासून विकायलाच बंदी आहे. ती बाजू निखळायची. आपल्याकडे अजून ती 'सोय' म्हणून सांगून विकतात. मिस्त्रींनी ही दोन मापं पाठ केली आणि दिलेली तारीख पाळली तर मी पुन्हा तुमच्याच दारात येईन. कंपनीचा पोरगा एकदा येतो आणि जातो. तुम्ही गल्लीत राहता, ढिला स्क्रू आवळायला हाक मारली की येता. ती तुमची खरी कमाई आहे, ती वाया घालवू नका.

आणखी एक आक्षेप उरतो, तो मला जवळच्यांनीच घेतला. कशाला हवी नर्सरी? आपली पोरं झोळीत वाढली, पाळण्यात वाढली, खाली गादीवर वाढली. हे श्रीमंतांचे चोचले आहेत. यात अर्धं सत्य आहे. खाली अंथरलेल्या गादीवरून कुणी पडत नाही, आणि तान्ह्या बाळाला कपाटाची गरज नसते हेही खरं. पण मी माझ्या लेकीला ऑपरेशननंतर जमिनीवर वाकून दिवसातून बारा वेळा दुपटी बदलताना बघितलं आहे. टाक्यांवर हात ठेवून उठताना बघितलं आहे. कमरेच्या उंचीवर एक पाट मिळावा असं तिला वाटलं, त्याला चोचला म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एक दुपटं बदललं आहे? बायकांच्या पाठीचं दुखणं फुकटचं असतं, म्हणून आपल्याला प्रत्येक सोय महाग वाटते. फक्त त्या उंच पाटावर बाळ असताना एक हात कायम बाळावर ठेवावा, क्षणभरही काढू नये.

चोचला कुठे आहे ते मी सांगतो. तो देण्यात आहे. मुलीच्या लग्नात पलंग, सोफा, कपाट द्यायचं, मग पहिल्या बाळाला पुन्हा सेट द्यायचा, आणि समधी मंडळींनी तो मोजायचा. देणारा बघतो किती मोठं दिसतं. म्हणून बजेट आठ हजारांचं असलं तरी वस्तू तीन घेतल्या जातात, आणि तिन्ही कच्च्या. मीही तेच केलं. तेरा हजारांत एक चांगला शिसवी पाळणा आला असता आणि वर पैसे उरले असते. पण फोटोत तो एकटा दिसला असता. जहेजवर मी अनेकदा लिहिलं आहे, मिरवणुकीने टीका केली आहे, आणि छटीच्या दिवशी माझ्याच घरात तोच जहेज पांढरा रंग लावून उभा होता. हे कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्यांवर बोलायचा अधिकार नाही.

सरकारलाही सोडायचं नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. वीस रुपयांचा खुळखुळा तपासून यायला हवा, उत्तम. फर्निचरसाठी तसा हुकूम केंद्राने काढायला मात्र २०२५ चा फेब्रुवारी उजाडला. कागदावरचा हुकूम मुदखेडच्या घरात पोहोचायचा तर ग्राहकाने विचारायला हवं. प्लायवूडवर आयएस ३०३ किंवा पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर आयएस ७१० असा आकडा छापलेला असतो, साध्या पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७ आणि वरून थर दिलेल्याला आयएस १२८२३. दुकानात हा आकडा दाखवा म्हणा. दुकानदार चिडला तर समजा उत्तर मिळालं. आणि आकडा असला तरी एक ध्यानात ठेवा: तो फळीविषयी बोलतो, कपाटाच्या तोलाविषयी नाही. तोल तुम्हालाच बघायचा आहे.

राहिला तो तिसरा आवाज, नजर लागल्याचा आणि अल्लाहने वाचवल्याचा. अल्लाहने वाचवलं यात मला शंका नाही. पण उंट मोकळा सोडून भरोसा ठेवू की बांधून ठेवू, असं एका माणसाने हुजुरांना विचारलं होतं, ती हदीस मकतबात शिकलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. आधी बांध, मग भरोसा ठेव. हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो, मान हलवतो आणि घरी येऊन मोकळ्या कपाटाशेजारी पोराला झोपवतो. जे आपल्या हातात होतं ते न करता त्याला तकदीर म्हणणं म्हणजे तवक्कुल नव्हे, तो आळस आहे. लेकरू ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागितला जातो.

म्हणून हा लेख वाचून संपला की उठा आणि घरातलं प्रत्येक उंच सामान हाताने पुढे ओढून बघा. लोखंडी कपाट, टीव्हीचा टेबल, पुस्तकांची मांडणी, फ्रिज. जे हलेल ते बांधा. पट्टा पाठीच्या पातळ पत्र्याला लावू नका, तो फाटून येतो. बाजूच्या किंवा वरच्या जाड फळीला लावा. भिंत विटांची-सिमेंटची असेल तर ड्रिलने भोक पाडून गिट्टी ठोका, मातीची असेल तर खांब शोधा. शे-दोनशे रुपयांचा पट्टा आणि भोक पाडणाऱ्याची मजुरी, एवढाच खर्च आहे. भिंतीचा रंग जाईल. जाऊ द्या.

आमच्याकडे आता दोन्ही कपाटं बांधलेली आहेत. पांढरं भिंतीला, अम्मीचं पुन्हा त्याच खांबाला. बकरी ईदला नातू आला होता. आल्या आल्या त्या खोलीत गेला. मी दारात उभा राहिलो आणि मुद्दाम अडवलं नाही. त्याने खालचा खण ओढला, त्यावर चढला, वरचा खण धरून दोन-तीनदा जोरात हिसडला. पट्टा ताणला गेला. कपाट हललं नाही. मग त्याने खणातले सगळे मोजे एकेक करून फरशीवर टाकले आणि माझ्याकडे बघून हसला.